सतरा नंबरचा तुकडा

१९ मे, सोमवार. मागची शेड रिकामी करायची आहे. मालकाला महिनाअखेर जागा परत हवी. शेडमध्ये तीन भिंतींना लोखंडी रॅक आणि रॅकवर खालपासून वरपर्यंत फुटके दगड. मूर्ती नाहीत, शिलालेख नाहीत. हातभर लांबीचे, मध्येच तुटलेले काळे तुकडे, प्रत्येकाची दोन अर्धुकं सुतळीनं एकत्र बांधलेली. सकाळी नऊला टेंपो आला. टेंपोवाल्यानं दारातूनच विचारलं, “मॅडम, हे काय हाय?”

“दगड.”

“ते दिसायलंय. पन बांधून कामून ठेवलेत? पळून चालले होते व्हय?”

मी हसले नाही. तीस घमेली भरून झाल्यावर तोही हसेनासा झाला.

हा ढिगारा सरांचा. सर जाऊन आठ वर्षं झाली. त्यांच्या हयातीत त्यांनी यातला एक तुकडा बाहेर जाऊ दिला नाही आणि गेले ते सगळे माझ्या गळ्यात टाकून. आठ वर्षांत माणसावरची चीड कमी व्हायला हवी. माझी झालेली नाही. आज दुपारी तर ती वाढली, आणि त्याला कारण आहे. ते पुढं सांगते.

आमची प्रयोगशाळा दगड, विटा, कौलं आणि चिनी मातीच्या वस्तू तपासते. काम दिसायला सोपं आहे. तुकडा दोन दांड्यांवर आडवा ठेवायचा, वरून मधोमध भार वाढवत न्यायचा, तुटला की काटा वाचायचा. लोखंड तुटण्याआधी वाकतं, कुरकुरतं, माणसाला पळायला वेळ देतं. दगड वाकत नाही. आत्ता एक असतो, पुढच्या क्षणी दोन. तो किती भाराला तुटेल हे आधी सांगणं, हा सरांचा जन्मभराचा नाद.

उंच, पोक आलेला माणूस. गळ्यात पायजम्याच्या नाडीला बांधलेलं घड्याळजीचं भिंग. पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या राज्यात शाळेत गेलेले, त्यामुळे पाढे-गणित सगळं उर्दूत. पुढं मराठी आली, इंग्रजी आली, पण आकडा लिहायची वेळ आली की हात उर्दूकडेच वळायचा. वहीतले सगळे आकडे उर्दू. नोकरीचे पहिले पंधरा दिवस मी ते वाचायला शिकण्यात घालवले. तक्रार केली तर म्हणाले, “बाई, दगडाला भाषा नसते. तुम्हाला कशाला हवी?” हे उत्तर नव्हतं. त्यांची निम्मी उत्तरं अशीच असायची, ऐकायला बरी आणि कामाला शून्य.

मुलाखतीत त्यांनी मला प्रश्न विचारला नाही. खडूची नवी पेटी पुढं ठेवली, एक तराजूचं पारडं, वजनं आणि दोरा. “खडू किती वजनाला तुटतो ते सांगा.” मी तासभर पेटीतले सगळे खडू मोडले, बेरीज केली, भागाकार केला आणि सरासरी सांगितली. त्यांनी कागद बघितलाही नाही.

“सगळ्यात कमी कितीला तुटला?”

मी सांगितलं.

“तो आकडा पहिला सांगायचा. सरासरीवरून कुणी चालत नाही, बाई. माणूस चालतो ते एका दगडावरून.”

नोकरी मिळाली. मला वाटलं, मोठा माणूस आहे. मोठा होताच. त्यानं काय झालं?

हात स्वस्थ नसायचा. जे दिसेल त्याला नखानं टिचकी मारायची आणि कान लावायचा. कोपऱ्यावरच्या खलीलभाईंच्या हॉटेलात चहा यायच्या आधी हे टेबलावरचे रिकामे कप वाजवत बसायचे. खलीलभाई गल्ल्यावरून ओरडायचे, “साब, तुम्हारे कू देखे तो मेरे कपां डर जाते! हात नक्को लगाओ!”

“खलीलमियाँ, या शंभरातले बारा ईदपर्यंत जाणार.”

“कौनसे बारा? बोलो, अलग रख देतूँ.”

“ते खुदाला विचारा. मी फक्त बारा सांगतो.”

खलीलभाई कपाळावर हात मारायचे. माझ्या लग्नात तर यांनी आहेरात आलेला चिनी मातीचा सेट मांडवातच उघडून वाजवला आणि माझ्या सासूबाईंना सांगितलं, “सहा महिन्यांत चार बशा जातील.” पाच गेल्या. सासूबाई शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, त्या म्हाताऱ्यानं दृष्ट लावली.

दृष्ट नव्हती, हिशेब होता. सर म्हणायचे, दगडात, कपात, खडूत, सगळ्यांत आधीपासून बारीक खोट असते. चीर असते, बुडबुडा असतो. आमच्याकडच्या काळ्या दगडात तर पांढरे ठिपके असतात, ज्वारीच्या दाण्यासारखे. पाथरवट त्यांना डोळे म्हणतात. तुकडा तुटतो तो त्यातल्या सगळ्यात वाईट खोटीपाशी. बाकीचा दगड कितीही चांगला असो, त्याला कुणी विचारत नाही. आणि दगड जितका लांब, तितकी त्यात मोठी खोट सापडण्याची शक्यता जास्त. म्हणून हातभर तुकड्याचा आकडा पुरुषभर लादीला लावायचा नाही. लादी कमीच भरायची. हे सगळं मला पटलेलं आहे. मी त्यावर पोट भरते.

नमुने ठेकेदारानं पाठवलेले चालायचे नाहीत. पडेगावकडच्या खाणीवर स्वतः जायचे, ढिगाकडं पाठ करायचे, डोळे मिटायचे, जागच्या जागी दोन गिरक्या घ्यायचे आणि काठी टेकवायचे. काठी ज्याला लागेल तो तुकडा. खाणीवरच्या बायका पदर तोंडात धरून हसायच्या. “सायेब आंधळी कोशिंबीर खेळायलेत! ओ सायेब, हिकडं या, हिकडं!” सर डोळे न उघडता म्हणायचे, “आवाज करू नका, मी तुमच्याकडं वळेन.” मग तर आणखी हसू.

आता माझी गोष्ट सांगते. ती सांगायला मला आवडत नाही.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. तपासणीला वीस तुकडे हवे असतील तर पंचवीस पाठवतात. वरचे पाच कशासाठी, हे कुणी बोलत नाही. एखादा तुकडा फारच लवकर तुटला की त्याला ‘नमुना खराब’ म्हणायचं, कोपऱ्यातल्या घमेल्यात टाकायचा आणि राखीवातला एक यंत्रावर ठेवायचा. कुणी फसवतोय असं कुणालाच वाटत नाही. सडका आंबा बाजूला काढावा तसं ते असतं. याआधी मी जिथं काम शिकले तिथं मला हेच शिकवलं होतं.

सर मोतीबिंदूच्या ऑपरेशनला हैदराबादला गेले होते. जाण्याआधी गिरक्या घेऊन तुकडे निवडून ठेवले होते, पंचवीस, कारण बांधकाम खात्याच्या पत्रात पंचवीस लिहिलं होतं. अजिंठ्याच्या रस्त्यावरच्या एका गावात शाळा आणि बाजाराचं मैदान यांच्यामध्ये खोल नाला आहे. त्यावर दगडी ढापे, म्हणजे पुरुषभर लाद्या, आडव्या टाकायच्या होत्या, माणसांना ये-जा करायला. सतरा नंबरचा तुकडा बाकीच्यांच्या निम्म्या भारालाच तुटला. मी बघितलं, तुटल्या जागी पांढरा डोळा. खराब नमुना. घमेल्यात टाकला, राखीवातला घेतला, त्याला सतरा नंबर दिला. सरासरी सुरेख आली. सरांच्या नावापुढं ‘करिता’ लिहून सही केली आणि रिपोर्ट पाठवला. त्या दिवशी घरी जाताना मी खूश होते.

सर परत आले, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. माझी विचारपूस ऐकायच्या आधी घमेल्याकडं गेले.

“हा कोण?”

“खराब नमुना होता, सर.”

“खराब म्हणून तुम्हाला कोण म्हणालं? दगड?”

एका डोळ्यानं भिंगातून पाहत राहिले. मग तुकडा उलटा धरून मला दाखवला. “हा डोळा खालच्या अंगाला, जिथं दगड ताणला जातो तिथं आला, म्हणून फाटला. वरच्या अंगाला असता तर यानं बाकीच्यांइतकाच भार घेतला असता. गवंडी ढापा टाकताना खाली वाकून बघणार आहे का, डोळा कुठं आहे?”

ओरडले नाहीत. ओरडायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी मला घेऊन खात्याच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला. सरांनी सांगितलं, ढापे टाकू नका, टाकले असतील तर रस्ता बंद ठेवा, शंभरात चार-पाच निकामी निघतील.

“कोणते चार-पाच?” साहेबांनी विचारलं.

“ते सांगता येत नाही.”

“कधी निघतील?”

“तेही नाही.”

“मग सर, तुम्ही सांगताय तरी काय?” खोलीतले सगळे हसले. “आणि तुमच्याच रिपोर्टात तर उत्तम लिहिलंय. ऑपरेशन झालंय ना? थोडा आराम करा.”

सरांनी कपाला टिचकी मारली आणि उठले. बस्स. आणखी एक वाक्य नाही. टेबलावर हात आपटला नाही, वरच्या साहेबाकडं गेले नाहीत. खरं एकदा नीट सांगितलं की आपलं काम संपलं, असं त्यांना वाटायचं. त्या हसणाऱ्यांवर मी चिडले होतेच, पण ते सरळ लोक होते, त्यांना कळलं नाही. सरांना तर कळत होतं.

तिथून आम्ही एसटीनं त्या गावात गेलो. ढापे टाकून झाले होते. सर एकेका ढाप्यावर वाकून टिचकी मारत, कान लावत पुढं चालले, मी मागं वही घेऊन. खिशात खडू होता. मी विचारलं, “खुणा करू का?”

“कशावर? जो बद्द वाजतो तो तुटेलच असं नाही. जो खणखणीत वाजतो तो टिकेलच असं नाही. मला जे माहीत नाही त्यावर मी खूण करत नाही.”

तेवढ्यात पलीकडून पाच-सहा मेंढ्या घेऊन एक बाई आली. पन्नाशीची, हातात काठी. आम्हाला वाकलेलं बघून थांबली. “काय झालं वो सायेब? काय खराबी हाय का?”

सर म्हणाले, “काही नाही. तपासतोय.”

ती ढाप्यांवरून मेंढ्या घेऊन गेली. मी वही घेऊन तिथंच उभी होते. मीही काही बोलले नाही.

दोन महिन्यांनी ढापा तुटला. मधला, खणखणीत वाजलेला. त्यावर तीच बाई होती, सोजरबाई. नाल्यात पडली, पाय दोन ठिकाणी मोडला. वरून अर्धा ढापा पडून दोन मेंढ्या मेल्या.

आम्ही तिला भेटायला गेलो. मेंढ्यांच्या वाड्यावर बाजेवर बसली होती, पाय प्लास्टरमध्ये, बाजूला सून भाकरी थापत होती. सर उभेच राहिले. तिनं ओळखलं.

“त्या दिवशी तुमीच व्हते ना, दगड वाजवायले?”

“हो.”

“दगडाला ठोकून तुमाला कळतं म्हनं, तुटनार का नाय.”

“कोणता तुटेल ते कळत नाही, बाई. काही तुटतील एवढं कळतं.”

“मंग तेवढं तरी सांगायचं व्हतं. मी इचारलं व्हतं ना तुमाला? मला कामून नाय सांगितलं?”

सून हात थांबवून बघायला लागली.

“आमी नाल्यातून गेलो असतो,” सोजरबाई म्हणाली. “ढापे नव्हते तवा जातच व्हतो की. पाय भिजले असते, एवढंच.”

परतीच्या गाडीत सरांनी खिडकीच्या काचेला टिचकी मारली नाही, हे मला आठवतं. त्यानंतर त्यांनी शेडमध्ये रॅक लावले आणि तुटलेला प्रत्येक तुकडा ठेवायला सुरुवात केली. याला लोक प्रायश्चित्त म्हणतील. मी अडगळ म्हणते. सोजरबाईचा पाय पुढं आखूडच राहिला, तिला त्या रॅकांचा काय उपयोग?

त्या प्रकारानंतर सरकारी काम यायचं बंद झालं. तीन वर्षं आम्ही विटा आणि कौलांवर काढली. अर्ध्या पगारावर मी राहिले, आणि एकदा चिडून सरांना म्हणाले, “तुमच्या विक्षिप्तपणानं काम गेलं. चार लोकांशी नीट बोलला असतात तर गेलं नसतं.” ते म्हणाले, “असेल.” आणि माझ्या टेबलावरच्या पेनस्टँडला टिचकी मारून निघून गेले. मी कितीतरी वर्षं हेच धरून चालले होते.

आज दुपारी तिसऱ्या रॅकच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात सतरा नंबर सापडला. मी घमेल्यात टाकलेला. सुतळीखाली घडी घातलेला कागद. खात्याला लिहिलेल्या पत्राची कार्बन कॉपी, सोजरबाई पडली त्या आठवड्यातली. त्यात लिहिलं होतं: कमी भाराला तुटलेला नमुना माझ्या हातून बाजूला काढला गेला. चूक संपूर्णपणे माझी. खाली सही आणि तारीख, तारखेचे आकडे उर्दूत.

त्यांच्या हातून नाही. माझ्या हातून. ते त्या दिवशी हैदराबादला पट्टी बांधून पडले होते.

मी खाली फरशीवर बसले. टेंपोवाला पाणी देऊ का म्हणाला. मी नको म्हटलं. मला रडू येत नव्हतं, संताप येत होता. मला विचारलं असतं तर मी माझ्या सहीनं लिहून दिलं असतं. त्या बाईसमोर मी उभी राहिले असते. माझी चूक यांनी परस्पर उचलली, कागदावर लिहिली, दगडाला बांधली आणि खालच्या कप्प्यात ठेवून दिली. सरकारी काम गेलं ते या पत्रानं, आणि मला ‘असेल’ म्हणाले. ज्याला सांगायचं त्याला न सांगण्याची ही त्यांची दुसरी खेप होती.

आणि हे सापडायचं तेही नेमकं आजच. सकाळी दहाला मला एक फोन आला होता. मुकुंदवाडीला स्टेशनकडं जाणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी नाल्यावर नवे ढापे पडलेत. त्यांचे नमुने आमच्याकडं आहेत. वीस तुटले, त्यातला एक निम्म्याच भाराला. ठेकेदाराचा मॅनेजर फोनवर गोड बोलत होता.

“मॅडम, एक नमुना बदलून घ्या ना. आम्ही जास्तीचे दिलेत की. ढापे तर टाकून झाले, लोक जायलेत वरून.”

मी काय म्हणाले? नाही म्हणाले नाही. ‘बघते’ म्हणाले. इतकी वर्षं हा धंदा करून, सरांची सगळी वाक्यं पाठ असून, मी ‘बघते’ म्हणाले. शेड बदलायची होती, डिपॉझिट भरायचं होतं, हे काम मोठं होतं.

सतरा नंबर टेबलावर ठेवला आणि संध्याकाळी रिपोर्ट टाइप केला. पहिल्या ओळीत सगळ्यात कमी आकडा. दुसऱ्या ओळीत: हे ढापे माणसांना चालण्यासाठी वापरू नयेत. सरासरी सगळ्यात शेवटी. खाली माझी सही, ‘करिता’ न लिहिता. मग खात्याच्या कचेरीत फोन केला. क्लार्क म्हणाला, “साहेब ट्रेनिंगला गेलेत मॅडम. पाठवा तुम्ही, पुढच्या सोमवारी बघतील.”

“तोवर रस्ता बंद करता येईल?”

“त्याला ऑर्डर लागते.”

मॅनेजरलाही फोन केला. गोडवा गेला होता. “कोणता ढापा खराब आहे ते दाखवा, आत्ता बदलतो. उगाच सगळे खराब म्हणू नका.”

तोच प्रश्न. मी फोन ठेवला आणि टेंपोवाल्याला बोलावलं. त्याला दिवसभर दगड टाकायला जागा मिळाली नव्हती, टेंपो भरलेलाच होता. मी म्हटलं, जागा सापडली.

२० मे, मंगळवार. सकाळी सहाला आम्ही मुकुंदवाडीला पोचलो. नाल्याच्या अलीकडच्या तोंडाशी सुतळीत बांधलेले तुकडे एकावर एक रचायला लागलो. कमरेएवढी भिंत झाली. मग पलीकडं. टेंपोवाला म्हणाला, “मॅडम, ऑर्डर हाय का?” मी म्हटलं, “रच.” गाडीला निघालेली माणसं शिव्या देत वळसा घालून गेली. एक भाजीवाली डोक्यावर पाटी घेऊन येऊन थांबली.

“रस्ता कामून बंद केला वो ताई? नवाच तर हाय.”

“यातला एखादा तुटणार आहे.”

“कोन्ता?”

“माहीत नाही.”

“माहीत नाय तर मंग सगळा कामून अडवला?”

“माहीत नाही म्हणूनच.”

तिनं भिंतीकडं बघितलं, ढाप्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. “लई याड हाय,” असं म्हणून नाल्याच्या काठाला आली. मी चपला काढल्या, आधी खाली उतरले आणि तिची पाटी धरली. ती माझ्या खांद्यावर हात टेकून पाण्यात उतरली. पाणी घोट्याएवढं होतं.